मेंढरांना वाचून दाखवलेले पुस्तक

सुज्ञ वाचकांस आरंभीच एक गोष्ट नम्रपणे निवेदन करतो. पुढील मजकुरात मी माझ्या पोरवयात कोकणातील एका खाडीच्या काठी घडलेली हकिकत सांगणार आहे. तिच्यात काही मेंढरे मरतात व एक पुस्तक वाचून पूर्ण होते. याहून मोठी घटना तिच्यात नाही. आमच्या गावच्या शाळेतील मुख्याध्यापिका बाईंनी मला आज्ञा केली की, "मुलांना वाचनाची गोडी कशी लागते यावर तुम्ही दोन पाने लिहून द्या. तुम्ही मेंढपाळ असून इतके वाचता, तुम्हाला ठाऊक असेल." माझे शिक्षण सहावीपर्यंत झालेले आहे. असल्या गहन विषयावर मत देण्याचा मला अधिकार नाही. परंतु मला स्वतःला ती गोडी कशी लागली, आणि लागल्यावर ती सुटता सुटता कशी राहिली, हे मी सांगू शकतो. सांगताना माझी मान वर होत नाही, ती गोष्ट वेगळी.

"अरे धनगराच्या पोरा, तुझी मेंढरं खाजणात हायत. भरती लागलीय."

हे शब्द माझ्या कानांवर आले, तेव्हा ते मला पुस्तकातलेच वाटले. कारण त्या क्षणी माझ्या पुस्तकातही समुद्र होता. खडकावर एक दीपस्तंभ होता, त्याच्या रखवालदाराचा मुलगा गच्चीवर उभा होता आणि खाली लाटा आदळत होत्या. मी पान उलटले. मग कोणीतरी माझ्या पायाजवळ ढेकूळ फेकून मारले, तेव्हा मी मान वर केली.

बांधावर खांद्यावर जाळे घेतलेला एक कोळी उभा होता. त्याच्या बोटाच्या दिशेने मी पाहिले. सकाळी त्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, जेथे चिखल आणि खारट गवत होते, तेथे भर दुपारच्या उन्हात पाणी चकाकत होते. त्या पाण्याच्या मधोमध एका उंचवट्यावर आमची मेंढरे एकमेकांना चिकटून उभी होती.

येथे थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. आम्ही माणदेशातील धनगर. दिवाळी सरली की सात-आठ कुटुंबे मिळून घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडी परत वर जायचे. अशा फिरत्या वस्तीला आमच्यात वाडा म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला मेंढका. त्या वर्षी माझे वय पंधराच्या आसपास होते. घाटावरच्या माणसाला नदीचा पूर ठाऊक असतो. परंतु आभाळ निरभ्र असताना, पावसाचा थेंब नसताना, पाणी आपले आपण चढून येते, हे आम्हांपैकी कोणाच्याही रक्तात नव्हते. त्यातून तो दिवस अमावास्येचा, म्हणजे उधाणाच्या भरतीचा होता.

आणखी एक खुलासा. मेंढरू मान खाली घालून चरते. ते राखणाऱ्याकडे पाहत नाही, त्याला ऐकते. म्हणून राखणारा मधून मधून शीळ घालतो, हाळी देतो, जिभेने टाळूवर टकटक करतो. तो आवाज आला की मेंढराला समजते की आपला माणूस येथेच आहे. मी मात्र सकाळपासून तोंडातून आवाज काढला नव्हता. मेंढरांच्या दृष्टीने मी तेथे नव्हतोच.

पुस्तक मला त्याच आठवड्यात मिळाले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या भातखाचरात आमची मेंढरे बसवली होती. लेंडीखताच्या बदल्यात ते भात देत. पोते मोजून देताना त्यांनी वर एक पुस्तक ठेवले व म्हणाले, "काल तू माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर मागून पुढून वाचून काढलंस. हे घेऊन जा. परत आणू नको." पुस्तकाला पुठ्ठा नव्हता आणि आरंभीची पाने गळालेली होती, त्यामुळे त्याचे नाव काय, ते कोणी लिहिले, हे मला आजतागायत समजलेले नाही.

ते चढलेले पाणी पाहून मी धावलो. शीळ घातली, हाळ्या दिल्या. काठाजवळची मेंढरे ओढीने बाहेर आली. उंचवट्यावरची मात्र हलेनात. त्यांच्या आणि माझ्या मधला चिखल पाण्याखाली गेलेला होता. डोंगरावरून माझे वडील पळत आले. त्यांनी डोकीचे मुंडासे फेकले आणि छातीइतक्या पाण्यात शिरून, एकेक मेंढरू कानाला धरून ते ओढू लागले. काही त्यांनी आणली. बाकीची लोकर भिजून जड झाली, पाय चिखलात रुतले, आणि ती ओरडलीदेखील नाहीत. मेंढरू मरताना ओरडत नाही.

ओहोटी लागल्यावर आम्ही अकरा मेंढरे ओढून बांधावर ठेवली. त्यातील बहुतेकांच्या पाठीवर गेरूचा पट्टा होता. गेरूचा पट्टा ही बाळाबाई काकींची खूण. त्यांची मेंढरेही त्या दिवशी माझ्याच राखणीत होती.

बाळाबाई काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या पत्नी. चुलते वारल्यावर त्या एकट्याच आपली थोडी मेंढरे घेऊन वाड्याबरोबर फिरत. त्यांना मूलबाळ नव्हते. बोलणे कमी आणि कडक. हातात सदा टकळी. चालता-बोलता त्या लोकर कातत.

तिसऱ्या प्रहरी सर्व माणसे बांधावर जमली. आमचे मेंढके गेनूतात्या मदने उकिडवे बसले आणि त्यांनी मला समोर उभे केले.

"कुणाच्या राखणीत गेली?"

"माझ्या."

"झोपला व्हतास?"

वडिलांनी माझ्याकडे न पाहता सांगितले, "पुस्तक वाचत बसला व्हता. त्या कोळ्यानं सांगितलं."

गेनूतात्यांनी तंबाखू मळली. "लांडगं मेंढरू नेतंय, वाघरू कुत्रं नेतंय. कागदानं कळप नेल्याला मी आजच बगतोय," ते म्हणाले. कोणी हसले नाही.

"भरपाई माझ्या कळपातनं," वडील म्हणाले. "वैनी, तू निवड. हात लावशील ते तुझं."

काकी उठल्या. त्यांनी आमच्या कळपातून एक फेरी मारली. माझी अपेक्षा होती की त्या उभ्या उभ्या चार म्हाताऱ्या मेंढ्यांकडे बोट दाखवतील आणि विषय मिटेल. तसे घडले नाही. त्यांनी दात पाहिले, कास पाहिली, आणि निवडून निवडून चांगली जनावरे काढली. शेवटी त्यांनी कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या मेंढीच्या मानेवर हात ठेवला. तिचे नाव चांदी. ती आईवेगळी झाली होती तेव्हा मी तिला बोटाने दूध चाटवून जगवले होते.

"वैनी, ती पोराच्या हातावर वाढलीया," वडील हलकेच म्हणाले.

"म्हणूनच चांगली वाढलीया," काकी म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर गेरू ओढला.

मला त्याचे वाईट वाटले नाही. उलट थोडे हलके वाटले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु माझ्या अपराधाची ती एवढीच शिक्षा असेल, हे मला पटेना.

"आता त्या कागदाला चूल दाखव," गेनूतात्या म्हणाले.

मी पुस्तक घेऊन निघालो. मला कोणी ढकलले नाही. जाळण्याची इच्छा त्या वेळी तात्यांपेक्षा माझीच अधिक होती. सर्वांत जवळची पेटती चूल काकींची होती. मी वाकलो, तोच मागून आवाज आला.

"माझ्या चुलीत नगं. कागदाचा धूर लई वंगाळ. डोळं झोंबत्यात."

मी तसाच उभा राहिलो. वडिलांनी माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतले आणि घोड्याच्या पाठीवरच्या पिशवीत कोंबले. "सवडीनं जाळू," ते म्हणाले. मला वाटले, काकींना माझ्या हातून आपली चूलदेखील विटाळून घ्यायची नाही.

त्या दिवसापासून मी अक्षर वाचणे सोडले. मी कोणतीही शपथ घेतलेली नव्हती. माझे डोळेच अक्षरावर थांबेनासे झाले. वाटेत दुकानाची पाटी आली की मी मान फिरवी. बिडीच्या पुड्याचा कागद, मिठाच्या पिशवीवरचे नाव, मैलाचा दगड, जे पूर्वी मी अधाशासारखे वाचून काढीत असे, त्या सर्वांच्या खाली मला भिजलेली लोकर दिसे.

बाजारच्या दिवशी गेनूतात्यांनी मेंढरांच्या पायांच्या रोगावरचे औषध आणले. वाड्यात वाचता येणारा मी एकटाच होतो. त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली.

"किती पाण्यात किती घालायचं, बग."

"मला येत न्हाय."

"काय येत न्हाय?"

"वाचाय."

तात्या माझ्याकडे पाहतच राहिले. "सा वर्सं साळंत गेलास न्हवं? का तिथं गुरुजीची मेंढरं राखत व्हतास?"

सर्वजण हसले. मीही मान खाली घालून ओठ हलवले. काकी जवळच भाकरी थापत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि तव्यावरची भाकरी उलटली. शेवटी तात्यांना बाटली घेऊन पुन्हा दुकानापर्यंत चालत जावे लागले. मला त्याचीही अपराधी जाणीव झाली. पण वाचण्याची अधिक भीती वाटली.

त्यानंतर लवकरच एका सकाळी वडिलांनी मला मेंढरांमागे थांबवले. आम्ही खाडी सोडून डोंगराच्या उताराला आलो होतो. त्यांच्या हातात ते पुस्तक होते. पिशवीत कोंबून चुरगळलेले.

"मेंढरं बुजल्यात," ते म्हणाले. "पाण्याचा धसका घेतलाय त्येंनी. आता त्येंना नुसती शीळ पुरायची न्हाय. माणसाचा आवाज सारखा कानांवर पडाय पायजे."

"मग मी हाळ्या देतो."

"सांजपातूर हाळ्या देशील? जीव जाईल तुजा."

"गाणी म्हणतो."

"तुज्या गाण्यानं हाईत ती बी पळतील." त्यांनी पुस्तक माझ्या छातीवर टेकवले. "ह्ये वाच. मोठ्यानं. सबूद तुटला न्हाय पायजे."

"आबा, मला नगं ते."

"तुला पायजे का नगं, कोण इचारतंय? मेंढरांना पायजे."

मी पुस्तक उघडले. उभ्यानेच मी पहिले वाक्य वाचले, मग दुसरे. अर्थाकडे माझे लक्ष नव्हते. पोती उतरवावी तसे मी शब्द एकेक खाली ठेवत होतो. खालच्या बांधावरून वडील ओरडून सांगत, "मला ऐकू येत न्हाय म्हंजी मेंढरांना बी येत न्हाय." मग मी आवाज चढवी. दोन दिवस मी असा वाचत होतो की दीपस्तंभ म्हणजे काय आणि खडक म्हणजे काय, हे मला स्वतःलाच समजत नव्हते.

तिसऱ्या दिवशी काकी आपली मेंढरे घेऊन त्याच उतारावर आल्या. त्या माझ्याकडे पाठ करून एका दगडावर बसल्या आणि टकळी फिरवू लागल्या. ज्यांची मेंढरे मी या पुस्तकापायी बुडवली, त्यांच्या कानांवर तेच पुस्तक घालणे मला अघोरी वाटले. मी थांबलो.

"गप का झालास?" पाठ न वळवता त्या म्हणाल्या. "मेंढरं हलली बग."

मी पाहिले. मेंढरे जागच्या जागी चरत होती. परंतु आज्ञा ती आज्ञा. मी पुन्हा सुरुवात केली.

आता कथेचा सारांश सांगणे प्राप्त आहे. समुद्रातील एका खडकावर दीपस्तंभ आहे. त्याचा रखवालदार तेल आणण्यासाठी होडीतून किनाऱ्याला जातो आणि वादळ होते. तो परतत नाही. मागे त्याचा एकुलता मुलगा राहतो. दिवा विझला तर गलबते खडकावर फुटतील. म्हणून तो रोज दिवा लावतो. तेल मात्र संपत चालले आहे.

काही दिवसांनी काकींनी प्रथमच प्रश्न केला. "त्या पोराला भाकरी कोण देतंय तितं?"

मी पाने मागे चाळली. "मासं धरतोय, असं लिवलंय."

"नुसतं मासं खाऊन किती दीस निघायचं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाठमोऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी गेनूतात्याही त्या उतारावर अवतरले. "हितं गवत बरं हाय," असे त्यांनी कोणी न विचारता जाहीर केले. वास्तविक तो उतार आमच्या मेंढरांनी खरवडून काढला होता. तात्या आडवे झाले, तोंडावर मुंडासे घेतले, आणि झोपेचे सोंग करून ऐकू लागले. सोंग म्हणण्याचे कारण असे की मध्येच मुंडाशाखालून आवाज आला, "त्येला म्हणावं, वात बारीक कर की लेका. तेल वाचंल."

"तात्या, ते छापल्यालं हाय," मी म्हणालो. "त्येला काय सांगता येत न्हाय."

"वात बारीक केली तर लांबच्या गलबताला दिवा दिसंल का?" काकी म्हणाल्या. "काय बी सांगत्यात."

"दिसंल न दिसंल. पर चार दीस जास्त निघतील का न्हाय?"

"आन् त्या चार दिसांत गलबत फुटलं म्हंजी?"

त्या दोघांचे भांडण मेंढरे पाण्यावर नेईपर्यंत चालले. मी मध्ये पुस्तक धरून उभा होतो. सहा वर्षे शाळेत मी पुष्कळ धडे वाचले होते; परंतु वाचलेल्या गोष्टीवरून मोठी माणसे अशी हातघाईवर येतात, हे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. गुरुजी धड्याखालचे प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांना आधीच ठाऊक असे. येथे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

माझ्या मनाची स्थिती तेव्हापासून अधिकच कठीण झाली. मला पुढचे पान केव्हा येते, याची ओढ लागली. सकाळी मेंढरे सोडताना माझी पावले भराभर पडू लागली. एके दिवशी वाचता वाचता मी मोठ्याने हसलो, आणि लगेच माझी नजर काकींच्या कळपातल्या भरपाईच्या मेंढरांकडे गेली. मेंढरे गेली, आणि मी येथे हसतो आहे. मी माझ्या मनाला बजावत असे की, हे वाचन नव्हे, हे राखण आहे. वडिलांनी लावून दिलेले काम आहे. त्या एका आधारावर मी पुस्तक हातात धरू शकत होतो.

पुढे माझा घसा बसला. दिव्याला आता शेवटचे तेल घातले जात होते, आणि नेमक्या त्या दिवशी सकाळी माझ्या तोंडून आवाज निघेना. मेंढरे बुजलेली, आणि मी मुका. मी काठी घेऊन कळपाभोवती फिरत राहिलो, अधूनमधून कशीबशी शीळ घातली. दुपार झाली. एकही मेंढरू हलले नव्हते.

काकी दगडावर येऊन बसल्या. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी मान वळवली. मी घशाकडे बोट दाखवले. त्यांनी ओच्यातून सुंठ आणि गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"ह्ये चघळ. उद्यापातूर घसा नीट झाला पायजे. तेल संपत आलंय."

त्यांनी मेंढरांचे नाव काढले नाही. त्या उठून गेल्यावर ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी कळपाकडे पाहिले, हातातल्या सुंठीकडे पाहिले, आणि मेंढरे तशीच सोडून ओढ्यावर पाय धूत असलेल्या वडिलांकडे गेलो.

"आबा, आज मी दीसभर गप हाय," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "मेंढरं जाग्यावरनं हलली न्हाईत."

"शीळ घातलीस न्हवं?"

"घातली."

"मग हलतील कशाला?"

"तू म्हनलास, शीळ पुरायची न्हाय. बुजल्यात म्हनलास."

वडिलांनी पायावर पाणी घेतले. "मेंढरू दोन दिसांत इसरतंय. माणसागत न्हाय ते."

"मग मला वाचाय का लावलंस?"

त्यांनी दुसरा पाय पाण्यात घातला. मग म्हणाले, "मी कशाला लावतोय? मी तर ते पुस्तक जाळणार व्हतो. तुज्या काकीनं जाळू दिलं न्हाय."

मी त्यांच्यासमोर ओढ्यातल्या दगडावर बसलो.

"बाजारच्या दिसी आली माझ्याकडं. म्हनली, भावजी, पोरगं बाटलीवरची अक्षरं बी बगंना झालंय. मी म्हनलो, बरं झालं, अद्दल घडली. तवा माझ्यावर अशी खवळली म्हनतोस. म्हनली, माझी मेंढरं पाण्यानं नेली. ह्येचं वाचणं गेलं तर ते आपण नेलं म्हणायचं."

"मग?"

"मग मी म्हनलो, आता वाच म्हनलं तर ते वाचणार न्हाय, त्येला लाज वाटतीया. तर म्हनली, वाच म्हनू नगा. काम सांगा." वडिलांनी काठी उचलली. "मेंढरांचं तिनंच सुचवलं. आता जा, तिला कळू देऊ नगस. आन् मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडून आलास रं?"

मी परत धावलो. मेंढरे होती तेथेच होती.

आवाज परत आल्यावर मी वाचायला उभा राहिलो, तेव्हा मला कोणतेही निमित्त उरलेले नव्हते. मेंढरांना माझी आवश्यकता नव्हती, हे मला ठाऊक होते आणि ते मला ठाऊक आहे, हे काकींना ठाऊक नव्हते. मी पुस्तक मिटू शकलो असतो. मी उघडले. वडील, तात्या, काकी, तिघेही त्या गवत नसलेल्या उतारावर येऊन बसले होते. मी त्या दिवशी प्रथमच खाली बसून, त्यांच्याकडे तोंड करून वाचले.

तेल संपते. मुलगा प्रथम खाट जाळतो, मग होडीची जादा वल्ही, मग दाराच्या फळ्या. पहाटे एक गलबत खडकाला वळसा घालून सुखरूप निघून जाते. त्यावर त्याचा बाप नसतो. मुलगा उन्हात राखेशेजारी झोपी जातो, आणि तेथे पुस्तक संपते.

तात्यांनी मुंडासे झटकले आणि ते आपल्या मेंढरांकडे गेले. वडीलही उठले. काकींची टकळी थांबलेली होती.

"बाप आलाच न्हाय म्हण," त्या म्हणाल्या.

"न्हाय."

"बरं केलं लिवणाऱ्यानं. खोटं न्हाय लिवलं." त्यांनी पदराने तोंड पुसले. "आला असता तर मी पुस्तक फेकून दिलं असतं."

आम्ही दोघेच उरलो होतो. वडिलांनी सांगू नकोस म्हटले होते; परंतु क्षमा मागण्यास त्यांनी मनाई केलेली नव्हती. इतके दिवस मी ते शब्द मनात घोळवले होते. मी पुढे झालो.

"काकी, ती मेंढरं..."

"कुठली?"

"खाजणातली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग होता की काय होते, हे मला तेव्हा उमगले नाही व आजही सांगता येणार नाही. मी पाय धरायला वाकलो, तर त्यांनी टकळीची काडी माझ्या खांद्याला लावून मला मागे सारले.

"ती गेली," त्या म्हणाल्या. "घाटावर गेल्यावर दुसरं पुस्तक कुटं गावंल?"

"बाजारात गावंल."

"कसलं असंल ते बगून आण. तुला आवडंल ते आण, कुणी दील ते नगं. आन् घाट उतरायच्या आत आण, न्हायतर वाटंत काय ऐकायचं?"

"आणतो."

"मग जा. चांदीला पाणी दाखव. तुज्याबिगर ती तोंड लावत न्हाय."

मी चांदीला पाण्यावर घेऊन गेलो.

त्यानंतर काकी पुष्कळ वर्षे वाड्याबरोबर फिरल्या. त्यांना अक्षर कधी आले नाही. दर वर्षी घाट उतरण्यापूर्वी त्या मला एवढेच विचारीत, "यंदा काय हाय?" आणि मी पिशवीतून काढून दाखवी. खाजणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मला काढू दिला नाही. त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे विचारण्याचा धीर मला त्यांच्या शेवटच्या आजारातही झाला नाही. मी उशाशी बसून वाचत होतो, आणि त्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं."

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या मजकुरात आले आहे किंवा नाही, याचा निर्णय त्यांनीच करावा. माझ्या अल्पशिक्षित लेखणीने आपला इतका वेळ घेतला, आणि तो आपण दिलात, याबद्दल मी आपणा सर्व वाचकांचा ऋणी आहे. ज्यांनी हे मनातल्या मनात वाचले त्यांना माझा नमस्कार, आणि ज्यांनी शेजारच्या कोणाला वाचून दाखवले त्यांना दोन्ही हात जोडून.

आपला आज्ञाधारक,
सावळाराम धुळोबा रुपनवर